दोन नावांच्या पदव्या

दिपमाला भदाणे सुट्टीत धुळ्याला आली की पहिले काही दिवस ती कुणाच्याच हाती लागत नाही. पोटभर झोपते, सासूबाईंच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाते, आणि मुलगी रूपा कॉलेजातून आली की तिच्याशी बोलत बसते. तिची शाळा आखातात. तिकडची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टात, म्हणजे इकडच्या सगळ्या शाळा भरलेल्या असताना ही मास्तरीण देवपुरातल्या घराच्या ओट्यावर निवांत. गल्लीतली एखादी बाई हमखास विचारते, "काय मॅडम, सोडली वाटतं नोकरी?" दिपमाला हसून म्हणते, "नाही हो, सुट्टी."

त्या वर्षी ऑगस्ट अर्धा सरला आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे तिचं तिलाच कळेनासं झालं.

तिकडे जाण्याआधी ती धुळ्यातल्याच एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायची. पुढच्या वर्षी अनुदान येणार, हे वाक्य ऐकत तिची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. नवरा कुंदन अवधानच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी रिवाइंड करून देतो. त्याचा धंदा कधी चालतो, कधी बसतो. अखेर कुणाच्या तरी ओळखीतून आखातातल्या या शाळेची जाहिरात आली. दिपमालाने फोनवरच मुलाखत दिली आणि मनाचा हिय्या करून गेली. शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, पण शिक्षक पाच-सहा देशांतले. पहिलं वर्ष रडत काढलं. दुसऱ्या वर्षापासून तिथली मुलं तिला चिकटली. नववीचा वर्ग तिने घेतला, तोच आता दहावीला तिच्याकडे होता. त्या वर्गाबद्दल ती कुंदनला सुट्टीत इतकं सांगायची की एकदा तो म्हणाला, "मला आता त्या पोरांची हजेरी पाठ होईल."

पहिली ठिणगी पडली ती ग्रेसच्या फोनने. ग्रेस फिलिपिन्सची, त्याच शाळेत धाकट्या मुलांना शिकवणारी, आणि तिकडे दिपमालाच्या खोलीतली जोडीदारीण. तीही आपल्या गावी सुट्टीवर होती.

"शाळेचा मेल पाहिलास?" ग्रेसने विचारलं.

"सुट्टीत मी मेल उघडत नाही."

"उघड. आणि बसून वाच."

दिपमालाने ओट्यावर बसून वाचला. सगळ्या परदेशी शिक्षकांचे परवाने यापुढे नव्या पद्धतीने नूतनीकृत होणार होते. प्रत्येक पदवीची पडताळणी पुन्हा होणार. पासपोर्टवरचं नाव आणि प्रत्येक पदवीवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. प्रतिज्ञापत्रं चालणार नाहीत. जे शिक्षक देशाबाहेर असतील, त्यांना पडताळणी पुरी होईपर्यंत आत येता येणार नाही.

तिने मेल पुन्हा वाचला आणि कुंदनला हाक मारली. "अहो, इकडे या. मी मेले."

तिचं दुखणं असं होतं. ती मूळची अमळनेर तालुक्यातल्या एका गावची, रुपचंद बोरसेंची मुलगी. माहेरचं नाव नूतन. अमळनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली ती नूतन रुपचंद बोरसे या नावाने. मग भदाण्यांच्या घरात लग्न ठरलं. त्या घरात थोरल्या जावेचं नाव आधीच नूतन. एका घरात दोन नूतन कशा चालायच्या? लग्नात ताटातल्या तांदळांवर कुंदनने अंगठीने दिपमाला असं लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि नूतन संपली. थोरली जाऊ वर्षभरातच नवऱ्याबरोबर सुरतेला राहायला गेली ती कायमची, पण तांदळावरचं नाव काही परत फिरलं नाही. बी.एड. दिपमालाने लग्नानंतर केलं, नव्या नावाने. पासपोर्टही नव्या नावाने निघाला.

म्हणजे बी.एस्सी. एका बाईची आणि बी.एड. दुसऱ्या बाईचं. पासपोर्टवर कुठलंही नाव ठेवलं तरी एक पदवी परकी होणार. पहिल्या वेळी लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लावलं होतं आणि ते बिनबोभाट चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती जळगावला निघाली. पारोळा, एरंडोल करत एसटी नवी पेठेच्या जवळ पोचेपर्यंत तिने मनात सगळे प्रश्न ओळीने लावून ठेवले होते. अखिल ओसवालचं ऑफिस तिथे एका जिन्यावर. त्याच्या वडिलांचं, सुभाषचंदजींचं, खाली कापडाचं दुकान. अखिलने वरच्या खोलीत परदेशी जाणाऱ्यांचे कागद साक्षांकित करून आणण्याचं काम सुरू केलेलं. राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, अशी त्या शिक्क्यांची रांग लागलेली असायची. पहिल्या वेळी त्यानेच दिपमालाचे कागद केले होते.

"ताई, राजपत्र काढू," तो म्हणाला. "नाव बदलल्याची जाहिरात सरकारी राजपत्रात आली की ती जगात सगळीकडे चालते."

"नक्की?"

"शंभर टक्के."

राजपत्र निघालं. त्यावर शिक्के बसले. अरबीत भाषांतर झालं, भाषांतरावरही शिक्का बसला. अखिलने ते सगळं तिकडच्या पोर्टलवर चढवलं आणि दिपमालाला फोन करून म्हणाला, "ताई, बॅग भरायला घ्या."

तिने बॅग भरायला घेतली. सासूबाईंनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बांधून दिले. रूपाने तिकडच्या मुलांसाठी राजगिऱ्याच्या चिक्क्या आणल्या. आणि पोर्टलवर उत्तर आलं, की अर्ज नामंजूर.

अखिलने कारण वाचून दाखवलं. राजपत्रावर या वर्षीची तारीख होती. पडताळणी करणाऱ्यांचं म्हणणं, या बाईचं नाव दिपमाला झालं ते या ऑगस्टमध्ये; मग दिपमाला नावाची बी.एड. पदवी तिला इतकी वर्षं आधी कशी मिळाली? तेव्हा ती पदवी संशयास्पद.

"म्हणजे मी आत्ता ऑगस्टमध्ये जन्मले?" दिपमालाचा आवाज चढला. "अखिलभाऊ, तुम्ही शंभर टक्के म्हणाला होता."

"ताई, मी म्हणालो तेव्हा ते बरोबर होतं," अखिल ओशाळून म्हणाला. "रोज सकाळी आंघोळीच्या आधी मी नियम वाचतो. आंघोळ करून येईस्तोवर बदललेले असतात. माझ्याकडे अशा कितीतरी जणी अडकल्यात."

शाळेचा सामी नावाचा माणूस तिकडच्या सरकारी कचेऱ्यांतली कामं बघायचा. त्याला भारतीयांच्या सहवासाने हिंदी येत होतं आणि इंग्रजीही येत होतं, फक्त वेगवेगळं येत नव्हतं. दिपमालाने त्याला फोन लावला.

"मॅडम, नो टेन्शन," सामी म्हणाला. "न्यू सिस्टीम है. युनिव्हर्सिटी का लेटर लाओ. सेम पर्सन, टू नेम. फिनिश."

"हे लेखी द्याल का मला? कुठले कागद हवेत ते एकदाच सगळे सांगा."

"मॅडम, रायटिंग में कैसे देगा? कल चेंज हो गया तो?"

दिपमालाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती.

त्या सुमाराला तिची शाळा पुन्हा सुरू झाली. मुख्याध्यापकांनी सुचवलं, कागद होईपर्यंत दहावीचे तास धुळ्याहून ऑनलाइन घ्या. दिपमालाला केवढा आधार वाटला. वरच्या खोलीत तिने टेबल मांडलं, भिंतीवर फळा ठोकला, आणि पडद्यावर ती ओळखीची तोंडं दिसल्यावर तिने आधी एकेकाची हजेरी घेतली. वर्गसमीकरणं सुरू झाली. मधेच देवपुरातली वीज जायची, मग ती मोबाइलवरून शिकवायची. मुलं म्हणायची, "मिस, तुमच्याकडे कोंबडा ओरडला."

हा आधारही फार टिकला नाही. एका सकाळी तिने वर्ग उघडला तर उघडेना. पासवर्ड चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला. मग मुख्याध्यापकांचा मेल सापडला. ज्याचा परवाना प्रलंबित आहे, त्याला देशाबाहेरून शिकवण्याचीही मुभा नाही, अशी नवी सूचना आली होती. त्यांना वाईट वाटत होतं. त्यांचा नाइलाज होता.

तिने फळा पुसला नाही. आदल्या दिवशीचं उदाहरण अर्धं सोडवलेलं तसंच राहिलं.

विद्यापीठाच्या पत्रासाठी ती पुन्हा जळगावच्या गाडीत बसली. विद्यापीठ गावाबाहेर, गिरणेच्या बाजूला. बस हायवेवर सोडते आणि मग आत चालत जायचं. तिथल्या बाई बऱ्या होत्या. त्यांनी अर्ज घेतला, जुन्या नोंदी काढाव्या लागतील म्हणाल्या, वेळ लागेल म्हणाल्या, आणि लागला तितक्या वेळाने खरंच पत्र दिलं, की नूतन रुपचंद बोरसे आणि दिपमाला कुंदन भदाणे ही एकच विद्यार्थिनी. ते पाकीट हातात घेताना दिपमालाने त्यांचे हात धरले. "मॅडम, तुमचे उपकार."

"उपकार कसले, खरंच आहे ते," त्या म्हणाल्या.

पण पोर्टल म्हणालं, पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते विद्यापीठ आमच्या यादीत सापडत नाही. मधल्या काळात विद्यापीठाला नवं नाव मिळालं होतं. पदवीवर जुनं नाव, पत्रावर नवं. त्याचा खुलासा अखिलने धाडला. तोवर आणखी एक सूचना निघाली, की उमेदवाराने आणलेली पत्रं ग्राह्य नाहीत, विद्यापीठाने परस्पर मेल करावा. तोही अर्ज तिने दिला. पण मेल पोचला की नाही हे इकडच्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि तिकडचे सांगत नव्हते.

"माझं नाव बदललं, विद्यापीठाचंही बदललं," ती त्या दिवशी ग्रेसला फोनवर म्हणाली. "आम्ही दोघी सासरी गेलो."

ग्रेस हसली नाही. तिच्या देशातली शिक्क्याची पद्धत मध्यंतरी बदलली होती. तिच्या पदवीवर जुन्या पद्धतीची लाल फीत होती आणि नव्या नियमात ती फीत कुणी ओळखत नव्हतं. पुन्हा करायचं तर मूळ पदवी हवी, आणि मूळ पदवी शाळेच्या तिजोरीत, तिकडे.

घरात ताण वाढत चालला होता. कुंदन काही बोलला की दिपमाला खेकसायची, आणि नाही बोलला की म्हणायची, तुम्हाला काही पडलेली नाही. एकदा तो सहज म्हणाला, "कुणाला तरी विचारून बघू का?" तर ती म्हणाली, "विचारा ना. आधी त्याला सांगा तुमची बायको कोण ते." रूपाने आपली पुस्तकं उचलली आणि ती आजीच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली.

गौरी-गणपती आले आणि गेले. पुरणपोळ्या झाल्या, भाऊबंद जमले, सुरतेहून थोरली जाऊ नूतनही आली. प्रत्येकाने विचारलं, "कधी निघतेस?" संध्याकाळी पंगत उठल्यावर जावेने प्रेमानेच म्हटलं, "दिपमाला, एवढं काय ते नावाचं? सांगायचं ना त्यांना, लग्नात बदललं म्हणून."

दिपमालाच्या डोक्यात सणक गेली.

"सांगितलं ना!" ती ओरडली. "किती जणांना सांगू? कुणी सांगितलं होतं नाव बदलायला? मी मागितलं होतं का नवं नाव? एका घरात दोन नूतन राहिल्या असत्या तर काय छप्पर कोसळलं असतं?"

प्रमिलाबाई, तिच्या सासूबाई, उरलेल्या पुरणपोळ्या फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे बठ्ठी चूक आमनी शे?" त्या म्हणाल्या.

"मी तसं म्हटलं नाही, आई."

"तसंच म्हटलं तू."

त्या आत निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस सासू-सुनेचं बोलणं भाजी-भाकरीपुरतं राहिलं. दिपमालाला पश्चात्ताप होत होता, पण माफी मागायला गेली की मनात यायचं, मी खोटं काय बोलले? आणि ती अर्ध्या वाटेतून परत फिरायची.

माहेरी चक्कर टाकावी म्हणून ती एक दिवस गावी गेली. रुपचंद आबा शेतावरून नुकतेच आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोर्टल, शिक्के, भाषांतर यातलं त्यांना काही उमगलं नाही, पण मुलीचा उतरलेला चेहरा उमगला.

"नूतन, तू मनी पोर शे," ते म्हणाले. "यानं सर्टिफिकेट कोठे भेटस ते सांग. मी आते जाईसन लयी येस."

"आबा, ते कुठेच मिळत नाही."

"मंग त्या लोके काय मांगी ऱ्हायनात?"

ती परतीच्या गाडीत बसली तेव्हा आबांनी खिडकीतून शेंगांची पिशवी आत दिली. अमळनेर सुटेपर्यंत ती रडत होती. शेजारच्या बाईला वाटलं, माहेरवाशीण असेल, माहेर सुटतंय.

सप्टेंबर संपत आला असताना सामीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "मॅडम, गुड न्यूज! मॅरीड लेडी के लिए नया रूल. हजबंड का फॅमिली, सीनियर मेंबर, मॅजिस्ट्रेट के सामने बोलेगा, ये वोही लेडी है. फिनिश."

"मेलमध्ये तर प्रतिज्ञापत्र चालणार नाही असं होतं ना?"

"ये अ‍ॅफिडेव्हिट नहीं, मॅडम. ये डिक्लेरेशन."

नवऱ्याच्या घरातली ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे प्रमिलाबाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुंदन आईच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला. "ती म्हणते, जिला गरज आहे तिने सांगावं."

दिपमाला आत गेली. प्रमिलाबाई खाटेवर बसून डोळ्यात औषध घालत होत्या.

"आई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"हं."

"तहसीलमध्ये याल माझ्याबरोबर?"

प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले, औषध मुरू दिलं, आणि मग म्हणाल्या, "कोनतं लुगडं नेसू?"

तहसील कचेरीत खूप वेळ बसावं लागलं. आधी सेतू केंद्रात मजकूर टाइप झाला, मग साहेब बैठकीत होते, मग जेवायची सुट्टी झाली. प्रमिलाबाई बाकावर ताठ बसून होत्या. अखेर आत बोलावलं. साहेबांनी सुनेचं पूर्वीचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, "नूतन रुपचंद बोरसे. मीच बदलं तिनं नाव. तिना काही दोष नही."

साहेबांनी मान हलवली आणि विचारलं, "आणि आजी, तुमचं पूर्ण नाव? पूर्वीचं काही वेगळं असेल तर तेही सांगा, पुन्हा भानगड नको."

प्रमिलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कुंदनला वाटलं, ऐकू आलं नसेल. तो पुढे वाकून काही सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वेणू."

"वेणूबाई?"

"बाई नही. नुसतं वेणू. तव्हय मी धाकली व्हती."

कुंदनने आईकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, आपल्या आईचं हे नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "आई, तू कधी बोलली नाहीस?"

"कोनी ईचारं?" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि बाहेर पांझरेच्या पुलाकडे बघत राहिल्या. दिपमालाने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

एवढं होऊनही जबानीवर उत्तर आलं ते एकाच ओळीचं. या स्वरूपाचे कागद तूर्त स्वीकारले जात नाहीत.

ते वाचून दिपमाला रडली नाही आणि ओरडलीही नाही. सासूबाईंना तिने ते कळूच दिलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा "गेलंय पुढे" असं सांगितलं. मग वरच्या खोलीत जाऊन तिने मुख्याध्यापकांना फोन लावला.

"सर, मला एकच सांगा," ती म्हणाली. "माझ्या दोन पदव्यांपैकी मी कुठली जाळू? एक जाळली की नाव जुळेल. पण मग मी पात्र राहणार नाही. तुमच्या कचेरीत कुणीतरी हे गणित सोडवून दाखवा."

मुख्याध्यापक भले गृहस्थ, केरळचे. ते म्हणाले, "मॅडम, माझी बायकोही शिक्षिका आहे. तिचीही हीच गत आहे. ती कोट्टयमला अडकली आहे."

दिपमाला थबकली. म्हणजे ही फक्त भदाण्यांच्या तांदळाच्या ताटाची गोष्ट नव्हती. तिने अखिलला फोन करून त्याच्याकडे अडकलेल्या शिक्षिकांना निरोप द्यायला सांगितला. भुसावळची एक, चाळीसगावची एक, मग त्यांच्या ओळखीतून नागपूर, मंगळूर, राजकोट. कुणाचं आडनाव बदललं होतं, कुणाच्या मधल्या नावात वडिलांच्या जागी नवरा आला होता, कुणाच्या पदवीवर नुसतंच आद्याक्षर. दिपमालाने सगळ्यांच्या वतीने पत्र लिहिलं. त्यात विनंतीची भाषा फार नव्हती. आमच्या देशात लग्नानंतर बायकांची नावं बदलली जातात, हे तुमच्या देशाला आजवर ठाऊक होतं आणि मान्य होतं. काय बदललं ते सांगा. ज्या मुलांना आम्ही शिकवत होतो, त्यांचं वर्ष चाललं आहे. असं ते पत्र. मुख्याध्यापकांनी ते इतर शाळांच्या मुख्याध्यापकांना दाखवलं आणि सगळ्यांनी मिळून पुढे धाडलं.

उत्तर आलं नाही. पोचही आली नाही.

दसरा झाला. दिपमालाने धुळ्यातल्या तिच्या जुन्या शाळेत विचारून पाहिलं. तिथे जागा नव्हती, आणि अनुदानही अजून यायचं होतं. कुंदन म्हणाला, "नको जाऊस आता. राहा इथेच. निभेल कसंही." तो मनापासून म्हणाला, हे तिला दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. जायचं की नाही हे तिला ठरवायचं होतं. ते कुणा पोर्टलने ठरवावं, हे तिला सोसत नव्हतं.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर, घरात चकल्यांचं पीठ मळलेलं असताना, नवं परिपत्रक आलं. विवाहित शिक्षिकांसाठी साक्षांकित लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पूर्वीप्रमाणे ग्राह्य धरण्यात येईल.

पूर्वीप्रमाणे. म्हणजे तिच्या फायलीत पहिल्या वर्षापासून जे दोन कागद होते, तेच. पत्राचा काही परिणाम झाला की सगळं आपोआपच फिरलं, हे कुणालाच कळलं नाही. त्यात मधल्या महिन्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

अखिलचा फोन आला. "ताई, अभिनंदन! मी म्हटलं नव्हतं का, होईल म्हणून?"

"अखिलभाऊ," दिपमाला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण आज अभिनंदन नका करू."

भाऊबीज करून ती निघाली. कुंदन तिला चाळीसगावपर्यंत सोडायला आला. तिथून तिला मुंबईची गाडी होती. फलाटावर सामान ठेवून त्याने दोन चहा आणले आणि तिचा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, "झालं ना शेवटी? आता सोडून दे डोक्यातून."

"काय झालं?" तिने विचारलं. "माझा दहावीचा वर्ग दुसऱ्याला दिला, कालच मेल आला. मला सहावी-सातवी. ग्रेस येणारच नाही, तिने तिच्या गावात नोकरी धरली. आईंना मी भर कचेरीत नेऊन बसवलं, ते कशासाठी? मला हे झालं म्हणता येत नाही हो. लोक म्हणतात, तुम्ही म्हणता, पण मला येत नाही म्हणता."

कुंदनने तिच्या हातातला रिकामा कप घेतला. मग म्हणाला, "बरं, नको म्हणूस." गाडी आली. त्याने बॅगा आत चढवल्या, खिडकीपाशी उभा राहिला, आणि गाडी हलली तसा तिच्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत आला.

तिकडे गेल्यावर सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवता शिकवता तिचं वर्ष सरलं. दहावीची मुलं मधल्या सुट्टीत अडलेली गणितं घेऊन तिच्याकडे यायची आणि ती जिन्यात उभी राहून सोडवून द्यायची. नव्या शिक्षकाला वाईट वाटू नये म्हणून दारापासून जरा लांब. ग्रेसच्या जागी खोलीत लेबनॉनची एक मुलगी राहायला आली. ती भली होती, पण दिपमालाने तिच्याशी कागदांचा विषय कधी काढला नाही.

मार्चमध्ये करार वाढवण्याचं पत्र आलं. रूपाची पुढच्या वर्षी बारावी, नंतर इंजिनिअरिंगचा विचार. दिपमाला ते पत्र घेऊन सामीच्या टेबलापाशी गेली.

"सही करते," ती म्हणाली. "पण या सुट्टीत घरी जाऊन परत यायला मला कुठले कागद लागतील, तेवढं आज सांगा."

सामीने खांदे उडवले, हसला, आणि देवालाच ठाऊक म्हणावं तसं छताकडे बोट दाखवलं.

दिपमालाने एकाच वर्षासाठी सही केली. मग कुंदनला फोन करून सांगितलं, या सुट्टीत मी येत नाही, तुम्ही आणि रूपा इकडे या. आईंचाही पासपोर्ट काढा, त्यांनाही आणा. आणि अर्ज भरताना नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते आधी त्यांना विचारा.